सत्तावीस जणांची हजेरी

एका पत्राला आठ महिने उत्तर गेलं नव्हतं. सांगायला तिथूनच सुरुवात करते. माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे की नाही याची मला अजून खात्री नाही, त्या पत्राची गोष्ट मात्र नक्की सांगण्याजोगी आहे.

पत्र इंदापूरहून आलं होतं. नानांच्या लहानपणच्या मित्राचं, सर्जेरावांचं. अक्षर असं वाकडंतिकडं, की नानांनी ते दोनदा उजेडाकडे धरलं. मग त्यांनी सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं. ‘नाना, उजवा हात गेला. डाव्यानं लिहितो. बोलणं नीट निघत नाही. डॉक्टर म्हणतात, जुनं आठवा. चौथीत आपण सत्तावीस जण होतो. तुला सगळी हजेरी तोंडपाठ होती. ती लिहून पाठव. मी रोज वाचीन. सर्जेराव.’

“उद्या लिहितो,” नाना म्हणाले. ते पत्र त्यांनी एका जाड पुस्तकात ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात तडा गेलेली. पत्र आलं त्या दिवशी मी बारामतीजवळच्या जळोचीत, नानांच्या घरात, शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होते. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी पाटी कदाचित पाहिलीही नसेल. माझ्या अंगावर लिहिलेलं टिकत नाही. हात फिरला की सगळं गेलं. अशा वस्तूनं स्मरणशक्तीबद्दल बोलावं याचं मलाच हसू येतं. पण पुसून गेलं तरी बारीक ओरखडे मागे राहतात, आणि मी जे सांगते आहे ते त्या ओरखड्यांमधून सांगते आहे.

दूरच्या एका खाणीतून माझा दगड निघाला. कोणीतरी तो पातळ कापला, घासून गुळगुळीत केला, चार पट्ट्यांच्या चौकटीत बसवला. पुढे बारामतीच्या बाजारात मी इतर पाट्यांच्या चळतीत उभी होते. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका शेतकरी म्हाताऱ्यानं मला उचललं आणि नातीसाठी घरी नेलं. नातीचं नाव कुशा. त्या आजोबांनी चुलीत खिळा लाल केला आणि माझ्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं. कुशाच्या आईनं जुन्या लुगड्याची लाल चिंधी दोऱ्यानं त्यात बांधली. वर्गातली बाकीची पोरं थुंकी लावून मनगटानं पाटी पुसत. कुशा मात्र चिंधी ओली करून पुसायची. अख्ख्या शाळेत माझ्याइतकी स्वच्छ पाटी नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. श्रेय चिंधीचं आहे.

त्या शाळेच्या गुरुजींची एक पद्धत होती. दर शनिवारी ते हजेरीपट मिटून टेबलावर ठेवत आणि नानाला उभं करत. नाना म्हणजे दारापाशी बसणारा सडपातळ, लाजरा मुलगा. एरवी त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. तो डोळे मिटून पहिल्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत नावं घ्यायचा, ज्याचं नाव येई तो “हजर” म्हणायचा. एकोणिसावं नाव कुशा, विसावं सर्जेराव. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि नानाच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून गावात त्याची ओळखच झाली, ‘तो हजेरीवाला नाना’.

नाना दारापाशी बसायचा, कारण त्याच्या वस्तीतली मुलं तिथंच बसत. धम्मदीक्षा होऊन सहा-सात वर्षं झाली होती. घरात बुद्धवंदना होत होती, पण वर्गातल्या जागा अजून जुन्याच होत्या. कोणाची वस्तू कोणाच्या हातात जावी याचेही न लिहिलेले नियम होते.

चौथीच्या दिवाळीनंतर कुशाच्या घरी भाऊ जन्मला आणि त्याला सांभाळायला कुशाला घरी बसवलं. शेवटच्या दिवशी ती वर्गात आलीच नाही. दाराशी उभी राहिली. दिवाळीच्या सुट्टीत नानाची पाटी फुटली होती आणि तो जमिनीवरच्या धुळीत बोटानं गणितं करत होता. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

“घे,” ती म्हणाली. “चिंधी बी हाय. थुकी लावू नगंस.”

आणि ती गेली. मागे वळून तिनं पाहिलं नाही, मीही तिला पुन्हा पाहिलं नाही.

घरी नानाची आई घाबरली. “कुनाची हाय ही? आत्ताच्या आत्ता परत दिऊन ये!” मला ठेवून घेता यावं म्हणून नाना म्हणाला, “गुरुजींनी दिली.” त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं असावं.

त्यानंतरचे काही शनिवार फार अवघड गेले. हजेरीपटावर कुशाचं नाव होतं. नाना ते घ्यायचा, पण कोणी “हजर” म्हणत नसे. तो क्षणभर थांबायचा, मग सर्जेरावकडे जायचा. पुढे गुरुजींनी नावावर रेघ मारली आणि म्हणाले, “नाना, आता एकोणीस सोडायचा. न अडखळता.” त्यानं सराव केला. माझ्यावर नावं लिहून, पुसून, पुन्हा लिहून. दोन शनिवारांत तो अठरावरून विसावर असा सहज जायला लागला, की गुरुजी म्हणाले, “शाबास!”

विसरायलाही सराव लागतो, मित्रांनो. तो सरावही माझ्याच अंगावर झाला.

पण नानांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. (आता अहोजाहो करते. माणूस मोठा झाला.) ते मॅट्रिक झाले ते माझ्या जिवावर, असं ते स्वतः म्हणत. वहीत लिहिलं की आपण निर्धास्त होतो, पाटीवर लिहिलेलं पुसायचं असतं म्हणून डोक्यात ठेवावं लागतं, हा त्यांचा सिद्धांत. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते माझ्यावर लिहायचं, मग पुस्तक उघडून चुकलेलं शोधायचं, पुसायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. इंदापूरच्या एका विद्यालयात ते कारकून म्हणून लागले. ग्रंथालयाची कपाटंही त्यांच्याकडेच होती. कपाटांतलं बहुतेक सगळं त्यांनी वाचलं. लग्नानंतर तुळसाबाईंना त्यांनी माझ्यावरच अक्षरं शिकवली. तुळसाबाईंनी स्वतःच्या मनानं लिहिलेलं पहिलं वाक्य मला अजून आठवतं, ‘चहा गार झाला.’ नानांनी ते वाचून आधी हसू आवरलं, मग डोळे पुसले, मग गार चहा प्यायले. पुढे मुलगा संघपाल माझ्यावर पाढे शिकला. आणि चिंधी? ती विरून केव्हाच गेली. एका वर्षी नानांनी हौसेनं माझ्या चौकटीला हिरवा रंग दिला, तेव्हा भोकही बुजलं.

कोणी विचारलं की नाना सांगत, “ही पाटी माझ्या वडिलांनी बारामतीच्या बाजारातून आणली.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. त्यांचे वडील कालव्याच्या कामावर राबून लवकर गेले. वडिलांनी आपल्यासाठी काहीतरी हातात धरून आणलं होतं, एवढं त्यांना हवं होतं, आणि मनानं ते त्यांना दिलं. मला राग आला नाही. फक्त कुशाचं वाईट वाटायचं.

मग वह्या स्वस्त झाल्या, नाना निवृत्त होऊन जळोचीत राहायला आले, पुढे मोबाइल आले. मी पिठाच्या डब्यावरचं झाकण झाले. झाकणाचं काम वाईट नसतं, कोणीतरी रोज हात लावतं. पण मशीनचा पाय डुगडुगायला लागला आणि माझी बदली झाली. तिथंच एका कोपऱ्याला तडा गेला.

आता पुन्हा पत्राकडे येते.

पत्र आल्यावर नाना कागद घेऊन बसले. एकोणीस नावं झाली आणि गाडी थांबली. ज्याला गाव हजेरीवाला म्हणत होतं, त्याला एकोणीस! ते इतके शरमले की त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या. त्या आधीच्या महिन्यांत दोनदा त्यांनी गॅस चालू ठेवला होता आणि एकदा शेजाऱ्याचं नाव तोंडाशी येऊन निघालं नव्हतं. आपलं डोकं चाललं, अशी भीती त्यांना आतून पोखरत होती. अपुरी हजेरी पाठवणं म्हणजे त्या भीतीवर सही करणं, असं त्यांना वाटत असावं.

“यष्टीनं दोन तासांत इंदापूर,” तुळसाबाई म्हणाल्या. “भेटून या की.”

“गेलो आणि त्यानं तोंडावर विचारलं तर?”

“तर सांगायचं, येत न्हाय. त्याला तरी कुठं येतंय? म्हणून तर इचारतोय!”

नाना पुस्तकात तोंड घालून बसले.

आधी सुटका माझी झाली. सून मेघना बारामतीच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. एकदा मशीनखालचा केर काढताना तिनं मला ओढून बाहेर काढलं आणि नानांच्या समोर ठेवलं.

“नाना, तुम्ही आता सगळ्याच्या चिठ्ठ्या करता. गोळ्यांची चिठ्ठी, किराण्याची चिठ्ठी. चिठ्ठी हातात असली की डोकं कशाला कष्ट घेईल? आधी आठवा, मग चिठ्ठी बघा. मॅट्रिकला केलं तसं.”

“आता या वयात?”

“या वयातच. गोळ्यांचं मात्र चिठ्ठी बघूनच घ्या हां. तिथं परीक्षा नको. आणि घरात बसून नुसतं वाचू नका. चालायला जा, माणसांशी बोला, नवीन काहीतरी शिका.”

माणसांशी बोला! नानांना तो उपाय कडू काढ्यासारखा वाटला असणार. पण मित्रांनो, त्या लाजऱ्या माणसानं तो घेतला. रोज सकाळी ते कालव्याच्या कडेनं चालायला जात आणि रोज एका तरी माणसाला नाव विचारत. परत आले की कालची पाच नावं माझ्यावर लिहीत. भाजीवाली मोना, तिची सासू कर्जतकडची. पंक्चरवाला सुयोग, त्याला पुस्तकांचा नाद. नुसतं नाव राहत नाही, नावाला काहीतरी चिकटवावं लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं. चुकलं की हसायचे, पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी निघालेला माणूस दीड दीड तास येईना. “कुठं गेला हुता?” असं तुळसाबाईंनी विचारलं की पंक्चरच्या दुकानात, एवढंच उत्तर. सत्तरी ओलांडलेला माणूस त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या गल्लीत राहायला आला, असं मला वाटलं.

त्याच पद्धतीनं ते हजेरीच्या मागे लागले. नावं क्रमानं न आठवता वर्ग डोळ्यांसमोर आणायचे. खिडकी कुठं, फळा कुठं, कोण कोणाच्या शेजारी. एकोणिसाची बावीस झाली, चोवीस झाली, फाल्गुनापर्यंत सव्वीस झाली. पण अठरा आणि वीस यांच्यामध्ये त्यांची जीभ क्षणभर थांबायची. पेन्सिलही थांबायची. मला ती थांबलेली पेन्सिल टोचायची. मला नाव ठाऊक होतं, आणि मी दगड!

“सोताला मोजलं का?” तुळसाबाईंनी विचारलं.

“मोजलं.”

“मंग धाडा की सव्वीस.”

“एकच राहिलंय. आठवेल.”

“पत्राला उत्तर पायजे. हजेरीची परीक्षा न्हाय ही.”

“एकच राहिलंय,” नाना पुन्हा म्हणाले. आणि आणखी दोन महिने गेले.

मग एका दुपारी फोन वाजला. सर्जेरावांची मुलगी सोनम बोलत होती. तिनं नंबर कुठून कुठून मिळवला होता.

“नानाकाका, आबांचं पत्र पोचलं का वो? न्हाय, तुमी कामात असाल. पर आबा रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसत्यात. पोस्टमन फुडं गेला की मगच आत येत्यात. आदी चार शब्द बोलायचे, आता तेबी कमी झालंय. म्हणून म्हटलं, इचारावं.”

नाना “हो, हो” म्हणाले. फोन ठेवून त्यांनी जाड पुस्तकातलं पत्र बाहेर काढलं.

“आठ महिने,” ते म्हणाले. “मी माझ्या लाजेपायी त्याला आठ महिने दारात बसवला.”

तुळसाबाई त्यांना कधी सोडत नसत, पण त्या दिवशी टोमणा मारला नाही. त्या मला घेऊन अंगणात गेल्या. “उद्या सकाळी लिवायला बसा. सव्वीस तर सव्वीस. मी हिला घासून ठेवते,” म्हणाल्या. दगडावर राख लावली, काथ्यानं चौकट खसाखसा घासली. आधीच पोपडे धरलेला हिरवा रंग निघाला आणि कोपऱ्यातलं भोक उघडं पडलं.

“अवो, हे भोक कशाचं?”

“चिंधी बांधायचं. पुसायला.” नाना सहज बोलून गेले.

“तुमी तर सांगता, आमी समदी पोरं थुकीनं पुसायचो.”

“पुसायचोच.”

“मंग भोक कुणी पाडलं? हे तापल्या खिळ्याचं हाय, कडा जळल्यात बगा. तुमच्या वडलांनी?”

नानांनी मला हातात घेतलं. अंगठा त्या भोकावर फिरवला, एकदा, दोनदा. मग त्यांच्या ओठांतून एक वाक्य निघालं, त्यांच्या आवाजात नव्हे, एका लहान मुलीच्या ढंगात.

“थुकी लावू नगंस.”

“आँ?”

“थुकी लावू नगंस, म्हणाली ती. दारात उभी होती. लाल चिंधी होती हिला.” ते ओट्यावर बसले. “कुशा. तुळसा, एकोणीस नंबर कुशा. ही पाटी माझी नव्हे. वडिलांनी आणलेली नव्हे. तिनं दिली. त्या काळात तिनं माझ्या हातात दिली. आणि मी तिचं नाव सोडायला शिकलो, शाबासकी घेऊन!”

ते रडतील असं मला वाटलं. पण ते उठले, मला पुसलं, हो, ओल्या फडक्यानं, आणि तिथंच अंगणात पहिल्यापासून लिहायला लागले. आता एकोणिसावर पेन्सिल थांबली नाही. पण तेविसावर आपणहून थांबली. तिथं फाल्गुनापासून ‘सोपान’ लिहिलं जात होतं.

“सोपान आमच्या मागं एका वर्षानं होता,” नाना हळूच म्हणाले. “पंचविसाची सव्वीस करायला मी त्याला घुसवला. जागा रिकामी दिसू नये म्हणून.” त्यांनी ते नाव पुसलं. कुशा आली, सोपान गेला. हजेरी पुन्हा सव्वीसच.

आता परत महिनाभर उत्तर राहणार, असं मला वाटलं. तुळसाबाईंनाही वाटलं, कारण त्यांनी कंबरेवर हात ठेवले. पण नानांनी कागद मागवला.

‘सर्जेराव,’ त्यांनी लिहिलं, ‘सगळी नावं आठवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं, ही माझी चूक. माफ कर. सव्वीस पाठवतो. एकोणीस नंबरला थांबून वाच, ती कुशा. लाल चिंधीवाली. तिची पाटी माझ्याकडे आहे. तेवीस नंबर मला येत नाही. तो तुझ्याकडे. आठवला तर लिही, नाही आठवला तरी लिही. मी पुढच्या रविवारी यष्टीनं येतो. नाना.’

ते लिहिताना त्यांची मान ताठ होती. ‘मला येत नाही’ हे तीन शब्दांचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी लिहिलं असावं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही मला त्यांचा इतका अभिमान वाटला नव्हता.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. कोणती पाटी कोणी दिली, कोणती अक्षरं कोणी शिकवली, हे अधूनमधून स्वतःला विचारत जा, आणि आलेलं उत्तर लगेच खरं मानू नका. एकदा दुसऱ्या कोणाला तरी विचारा. जुन्या वस्तू टाकायच्या असतील तर टाका, पण टाकण्याआधी त्यांच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवा. आणि कोणी तुमच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर आहे तेवढं पाठवा. उरलेलं दोघांनी मिळून आठवता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला कापडी पिशवीत घालून टपाल कार्यालयात घेऊन गेले. वाटेत एखादं नाव सुटलं तर पडताळायला, असं म्हणाले. तुळसाबाई बरोबर होत्या. खिडकीतली रेश्मा आता नानांच्या ओळखीची होती. तिचं नाव त्यांनी दोन महिन्यांपूर्वी माझ्यावर लिहिलं होतं.

“नाना, पाटी बी रजिस्टरनं धाडायची का?” तिनं विचारलं.

“न्हाय बाई, ती आमची साक्षीदार हाय,” तुळसाबाई म्हणाल्या.

नानांनी तिकीट लावलं, पाकीट लाल पेटीपाशी नेलं आणि तिथं उभं राहून शेवटची हजेरी घेतली. हळू, ओठांतल्या ओठांत. सतरा, अठरा. मग न थांबता म्हणाले, “कुशा.”

साठ वर्षांपूर्वी त्या नावाला कोणी उत्तर दिलं नव्हतं. पिशवीतल्या अंधारात, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, मी म्हणाले, “हजर.”

“सर्जेराव,” नाना पुढे म्हणाले, आणि त्यांनी पाकीट पेटीत सोडलं.